मुठीतली सुक्की पुरी

१

गजेंद्र लांजेवार कोसळला तेव्हा त्याची उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. फरशीवर पडल्यावरही ती सुटली नाही.

रविवारची दुपार होती आणि 'फुटपाथ'मध्ये एकही टेबल रिकामं नव्हतं. नाव 'फुटपाथ', पण आत काचेचं दार, गार हवा आणि कोपऱ्यात लखलखता बार. टिक्की, कचोरी, समोसा हे सगळं बालाघाटकरांनी जन्मभर रस्त्याच्या कडेला उभं राहून, नाक पुसत खाल्लेलं. दुकानाची मालकीण मयुरी, तिनं ते टेबलावर आणलं आणि शेजारी कॉकटेल ठेवलं, तेव्हा गावानं आधी नाकं मुरडली आणि मग रांगा लावल्या. त्यातही नाव झालं ते महुआ-गुपचुपचं. गुपचुप म्हणजे आपली पाणीपुरीच, पण इथे पाण्याच्या जागी परवान्याची महुआ, म्हणजे मोहाची दारू, त्यात चिंच, हिरवी मिरची आणि काळं मीठ. लाकडी पाटावर चिमुकले ग्लास मांडून यायचे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक पुरी. ग्लास पुरीत ओतायचा आणि पुरी तोंडात टाकायची.

गजेंद्र वारासिवनीचा धानाचा व्यापारी. मित्र खेमराजबरोबर तो खिडकीच्या टेबलाशी बसला होता. मधेच उठला, बारशी जाऊन ग्लास भरणाऱ्या विवेकला काहीतरी म्हणाला आणि वळला. वळेपर्यंत त्याचं तोंड, मान, कान सगळं लालभडक झालं होतं. छातीत धडधडून राह्यलं, एवढं त्यानं सांगितलं, भडाभडा ओकला आणि आडवा झाला. कोणीतरी म्हणालं, "महुआ जहरीली है." मग काय विचारता. रुग्णवाहिका चौक ओलांडायच्या आत बातमी अर्ध्या गावात पोचली होती.

ठाण्याच्या एसआय संघमित्रा गजभिये आल्या तेव्हा दुकानात खुर्च्या उलट्या पडल्या होत्या आणि चारपाच जणांनी विवेकला भिंतीशी दाबून धरलं होतं. संघमित्रा उकव्याच्या, खाणीच्या वस्तीत वाढलेल्या. राग नाकाच्या शेंड्यावर आणि जीव गुपचुपात. त्यांनी आधी त्या चारपाच जणांना बाहेर काढलं आणि मग गजेंद्र पडला होता तिथे वाकून पाहिलं. फरशीवर पुरीचा चुरा होता आणि चिमूटभर मसाला.

"त्याह्यच्या मुठीत होतं," मयुरी म्हणाली. "हात चोळाले मी मूठ उघडली तं पडलं. मॅडम, दारूत काई नोतं. माह्यं सगळं या दुकानात लागलं हाये."

संघमित्रांनी चुरा बोटावर घेतला. खडखडीत कोरडा होता. तो कागदात बांधत असतानाच फोन वाजला. दवाखान्यातून डॉक्टर बोरकर बोलत होते. म्हणाले, लवकर या, या माणसाकडे संध्याकाळपर्यंतच वेळ आहे.

२

दवाखान्याच्या कुंपणाच्या भिंतीवर मूळव्याध, कुंडली आणि दारू यांचे इलाज रंगवले होते, एकाखाली एक. संघमित्रांनी गाडी भिंतीला लागून उभी केली आणि जिना चढल्या.

डॉक्टर बोरकर मुद्द्याचं बोलणारे होते. गजेंद्रचा रक्तदाब पडत चाललाय, सलाईन टिकत नाही, तोंडाला दारूचा वास आहे. महुआत मिथेनॉल असलं तर आधी डोळे जातील आणि मग माणूस जाईल. नमुना नागपूरला गेलाय, पण उत्तर येईपर्यंत हा थांबणार नाही.

"त्यावर उतारा नाही का?" संघमित्रांनी विचारलं.

"आहे, आणि ऐकून हसाल. चांगली दारू. शुद्ध अल्कोहोल नळीनं पोटात सोडायचं, म्हणजे वाईट दारूला शरीरात काम करायला जागा मिळत नाही." ते हसले नाहीत. "मला एकच खटकतं. मिथेनॉल इतक्या लवकर चढत नाही, तासन्‌तास लागतात. पण काल कुठे पिऊन आला असेल तर? दिवे लागेपर्यंत वाट पाहतो. मग नळी सुरू करतो."

बाहेर बाकावर दोन बायका बसल्या होत्या. एका टोकाला गजेंद्रची आई गोदाबाई आणि दुसऱ्या टोकाला बायको पौर्णिमा. मधे दोन माणसं ऐसपैस मावतील एवढी जागा मोकळी. सासू-सुनेचं बोलणं बंद आहे हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"माह्या पोरानं दारू सोडली, मॅडम," गोदाबाई म्हणाल्या. "आपल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपत घेतली. पेला तोंडाले लावणार नाई म्हणून. होळीपासून लावला नाई. रातचं दूध मी माह्या हातानं देतो त्याले. वास आला असता तं मले समजलं नसतं का?"

पौर्णिमा खाली मान घालून म्हणाली की तो बाहेरचं खातसुद्धा नाही, डबा तिच्या हातचा नेतो. दूध आणि डबा यांचा उल्लेख दोघींनी अशा ठसक्यात केला की संघमित्रांना घरातलं भांडण कशावरून चालतं ते कळून चुकलं. डॉक्टरांनी मघा विचारलेलं त्यांनी पुन्हा विचारलं. काही औषधगोळी चालू होती का? दोघींच्या माना एकदम हलल्या. नाही.

मग वास आला कुठून? न पिणाऱ्या माणसाला दारू पाजली असेल, तर पाजणाऱ्याचा काही डाव असणार. आणि गजेंद्रचा वैरी तर ग्लास भरायलाच उभा होता. गेल्या वर्षी गजेंद्रनं विवेकला भरबाजारात थोबाडीत मारली होती, हे वारासिवनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

३

संघमित्रा 'फुटपाथ'मध्ये परतल्या. विवेकनं ते नाकारलं नाही. मिलवर हमाली करत असताना पोतं फुटलं, गजेंद्रनं सगळ्यांदेखत मारलं, आणि त्याच दिवशी त्यानं ती नोकरी सोडली. राग होता का, या प्रश्नावर तो म्हणाला, "होता. आताबी हाये. पण मॅडम, ज्याले मारायचं हाये त्याले कोनी आपल्याच दुकानात मारते का?"

बोलणं बिनतोड होतं, पण खुनी माणसंही बिनतोड बोलतात. संघमित्रांनी खिडकीचं टेबल पाहिलं. गजेंद्रच्या खुर्चीपुढचा ग्लास अजून अर्धा भरलेला होता. त्यांनी तो हुंगला, जिभेच्या टोकाला लावला. साधा लिंबू सोडा. टेबलाच्या मधोमध महुआ-गुपचुपचा पाट होता आणि त्यावरचे सगळे छोटे ग्लास रिकामे होते. ते खेमराजनं मागवले होते, असं विवेक म्हणाला.

त्याच बाटलीतली महुआ आणखी कोणकोणत्या टेबलांवर गेली ते मयुरीनं आठवून सांगितलं, आणि हवालदारानं एकेकाच्या घरी फोन लावले. सगळे ठणठणीत होते. एक निवृत्त मास्तर तर घोरत पडले होते आणि बायको त्यांना उठवायला तयार नव्हती.

म्हणजे महुआ चांगली. सोडा चांगला. तरी एकटा गजेंद्र मरणाच्या दारात.

"पडायच्या आधी तुह्यापाशी काहून आलता तो?" संघमित्रांनी विचारलं.

"सुक्की मागाले."

संघमित्रा थबकल्या. गुपचुप खाऊन झालं की शेवटी एक कोरडी पुरी मागायची, आत जरा मसाला घातलेली. तिचे पैसे नसतात, तो खाणाऱ्याचा हक्कच. जबलपुरात सूखी म्हणा, इथे सुक्की. पण गुपचुप न खाता नुसती सुक्की मागायला आलेला माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. लोक हसतील त्याला.

"तुमचं साधं पाणीवालं गुपचुप कुठी हाये?" त्यांनी मयुरीकडे वळून विचारलं.

"दुपारी नसते, मॅडम. पाणी आमी संध्याकाळी ताजं बनवतो, तवाच ठेला लावतो. दुपारी फक्त बारवालं."

संघमित्रांनी खिशातली कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. दुपारी या दुकानात ज्यानं सुक्की मागितली, त्यानं महुआच खाल्ली होती. आणि खेमराजनं मघाशीच ठासून सांगितलं होतं की गजेंद्रनं टिक्कीशिवाय कशालाच हात लावला नाही.

४

खेमराज ठाण्याच्या बाकावर बसला होता. लहानपणापासूनचा दोस्त, धंद्यात भागीदार. गजेंद्र गेला तर सगळा धंदा याच्याच हाती येणार, असं बाहेर लोक बोलू लागले होते आणि ते त्याच्याही कानावर आलं होतं. संघमित्रांनी काही न विचारता पुडी उघडून त्याच्यापुढे धरली.

"सुक्की कोनाची?"

खेमराजनं चुऱ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"पेला नाई लावला त्यानं, मॅडम," तो हळूच म्हणाला. "खाल्ली."

मग सगळं बाहेर आलं. शपथ पेल्याची होती. पेला तोंडाले लावणार नाई, हे गजेंद्रचे शब्द. 'फुटपाथ' उघडलं, महुआ-गुपचुप आलं, आणि गजेंद्रच्या डोक्यात उजेड पडला. पुरी तोंडाला लावली तर शपथ कशी मोडेल? गुपचुप काय कोणी पितं? खातात. आठवडाभर तो खेमराजच्या मागे लागला होता. आज आले. पाट खेमराजच्या नावानं मागवला, त्यानं एकच पुरी खाल्ली, बाकी सगळ्या गजेंद्रनं. आणि वर सोडा मागवून ठेवला, कोणी ओळखीचं पाहिलं तर दिसावा म्हणून.

"गोदाकाकीले मी शब्द देल्ला होता, त्याले सांभाळीन म्हणून. कोन्या तोंडानं सांगू?" खेमराजच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवानंच शिक्षा देल्ली, मॅडम. आताशा दारूचा वाराबी त्याले सहन होत नोता. परवा न्हाव्यानं दाढीवर लोशन लावलं तं गाल लाल झाले, आग आग झाली. न्हाव्याच्या अंगावर धावून गेलता. त्याच्या आधी खोकल्याचं औषध पेलता, तं छाती धडधडाले लागली. मले म्हणे, खेमराज, शपत लागून राह्यली."

संघमित्रा ऐकत होत्या, पण त्यांची नजर त्याच्यावरून हटली होती. लोशनमध्ये स्पिरिट असतं. खोकल्याच्या कितीतरी औषधांत थोडं का होईना असतंच. गुपचुपात तर नुसतं तेच. या माणसाच्या अंगाला दारूचा थेंब लागला तरी आग होत होती. शपथ अशी गालावर उठत नाही. ही आग कुठल्या तरी औषधाच्या पुडीतून येते.

त्यांना दवाखान्याची ती भिंत आठवली. मूळव्याध, कुंडली आणि त्याखाली निळ्या रंगात: बिना बताए शराब छुड़ाएँ. पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा. लहानपणी उकव्यातही अशी भिंत होती, आणि पगाराच्या दिवशी पिऊन येणाऱ्या नवऱ्यांच्या बायका त्या भिंतीसमोर जरा जास्त वेळ उभ्या राहायच्या.

दारू सहन होत नाही अशा माणसाच्या पोटात डॉक्टर आता नळीनं शुद्ध दारू सोडणार होते.

संघमित्रांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. अतिदक्षता विभागात डॉक्टर फोन बाहेर ठेवून जातात, हे त्यांनी दुपारीच स्वतः पाहिलं होतं. खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं आणि समोरच्या दुकानात पहिला दिवा लागला.

५

काली पुतली चौकात एक ट्रॅक्टर आडवा होता. संघमित्रांनी गाडी तिथेच सोडली आणि धावत निघाल्या. भीती वाटत होती, आणि ती त्यांना मान्य होती. त्यांना उशीर झाला असता तर गजेंद्रला मारणारा कोणीही वाईट माणूस नसता. सगळे भलं करायला निघालेलेच असते.

डॉक्टर बोरकर हातमोजे घालून पलंगाशी उभे होते. नळी नाकातून आत गेलेली होती आणि पिचकारी भरलेली.

"थांबा."

धापा टाकत त्यांनी सांगितलं. लोशन, खोकला, गुपचुप. डॉक्टरांचा हात खाली आला.

"डायसल्फिराम," ते म्हणाले. "दारू सोडवायचं औषध. डॉक्टरच्या देखरेखीत, रोग्याला सांगूनच द्यायचं असतं. तसं असेल तर ही पिचकारी म्हणजे विष आहे. पण मॅडम, घरचे म्हणतात औषध काहीच नाही. तुमचा अंदाज चुकला आणि मिथेनॉल निघालं, तर मी थांबल्यामुळे तो जाईल. अंदाजावर मी थांबू किती?"

संघमित्रा बाहेर आल्या. बाकाच्या दोन टोकांना दोघी तशाच बसल्या होत्या. ओरडावंसं वाटत होतं, पण त्या मधल्या मोकळ्या जागेत बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या.

"मले गुन्हेगार नाई पायजे. गजेंद्रच्या पोटात पुडी जाते का, एवढंच सांगा. जात असन तं डॉक्टर जे देऊन राह्यले त्यानं तो मरते. जात नसन तं न देल्ल्यानं मरते. बोलाल तसं होईन."

आत यंत्राची टिकटिक चालू होती. गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. पौर्णिमा जमिनीकडे बघत राहिली, आणि मग तिनं पायाशी ठेवलेली पिशवी उघडून, रिकाम्या डब्याच्या खालून कागदाची पुडी काढली.

"डाळीत टाकत होती मी," ती म्हणाली. "वारासिवनीच्या बाजारातून आणली. पुडीवाला म्हणे, कोनाले सांगू नका, सांगतलं तं गुण जाते."

हे ऐकत डॉक्टर दारातच उभे होते. त्यांनी पुडी घेतली, पिचकारी नर्सच्या हाती दिली आणि ती फेकून यायला सांगितलं. मग आत जाऊन भराभर सूचना दिल्या. नवी सलाईन लागली, रक्तदाब चढवायचं औषध सुरू झालं. पण परत आले तेव्हा कपाळावरची आठी गेली नव्हती.

"किती टाकत होतीस, बाई?"

"चिमूटभर. रोज एकडाव. त्यानं सांगतलं तेवढीच."

"चिमूटभरानं एवढं व्हायला नको," डॉक्टर संघमित्रांना म्हणाले. "ओकला असता, घाबरला असता आणि उठून बसला असता. हे दुप्पट तरी दिसतंय. आणखी कुठून तरी जातंय, आणि किती जातंय ते कळल्याशिवाय मला याचा अंदाज येणार नाही."

संघमित्रा पौर्णिमेकडे पाहतच नव्हत्या. त्या दुसरीकडे वळल्या होत्या. डबा बायकोच्या हातचा. आणि रातचं दूध?

"माय," त्या म्हणाल्या.

गोदाबाई बाकावरून सरकून खाली फरशीवर बसल्या. कमरेचा बटवा सोडला. सुपारीच्या खांडांमधून त्यांनी तशीच पुडी काढली, त्याच कागदाची, त्याच लाल दोऱ्यानं बांधलेली.

"मलेबी त्यानं तेच सांगतलं," त्या म्हणाल्या. "कोनाले सांगू नका."

पौर्णिमेनं सासूकडे पाहिलं. होळीपासून पहिल्यांदा पाहिलं असावं. "मले तं सांगाचं होतं, मामी."

"तू बोलत होती का माह्याशी?"

६

रात्र कठीण गेली, पण गेली. नेमकं किती पोटात गेलं ते कळल्यावर डॉक्टरांनी नेम धरून इलाज केला आणि सकाळपर्यंत रक्तदाब जागेवर आला. ठाण्यात बसवून ठेवलेल्या विवेकला संघमित्रांनी स्वतः घरी सोडलं आणि वाटेत माफीही मागितली, जी त्यांना फारशी जमत नाही. पुढे नागपूरचं उत्तर आलं, महुआ निर्मळ निघाली. मयुरीनं त्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा रांगेत पहिले ते घोरणारे मास्तर होते. पुडीवाल्याच्या शोधात वारासिवनीच्या बाजारात माणसं गेली, पण त्याची जागा रिकामी होती. तो सापडेल, संघमित्रा विसरणाऱ्यांतल्या नव्हेत.

मंगळवारी त्या जबाब घ्यायला दवाखान्यात गेल्या. गजेंद्र उशीला टेकून बसला होता, सुकलेला, दाढी वाढलेला. त्याला सगळं सांगून झालं होतं. पौर्णिमेनं घरून मऊ भात आणला होता आणि गोदाबाईंच्या हातात चमचा होता. दोघी पलंगाच्या एकाच बाजूला बसल्या होत्या.

"खाय, बाबू," गोदाबाई म्हणाल्या.

गजेंद्रनं वाटीकडे पाहिलं. मग आईकडे, मग बायकोकडे. भूक त्याच्या डोळ्यांत दिसत होती, पण ओठ मिटलेले राहिले. संघमित्रा दारातच थांबल्या. जबाबापेक्षा हे महत्त्वाचं होतं.

"तू पुरीत लपवली," गोदाबाई म्हणाल्या, "आमी डाळीत, दुधात लपवली."

पौर्णिमेनं सासूच्या हातून चमचा घेतला. वाटीत बुडवला आणि सगळ्यात आधी स्वतःच्या तोंडात घातला. घास गिळला. मग पुन्हा भरून सासूपुढे धरला. गोदाबाईंनी मुलाच्या डोळ्यांत बघत तो खाल्ला आणि तोंड उघडून दाखवलं, लहान पोरांना दाखवतात तसं.

तिसरा चमचा भरला, तेव्हा गजेंद्रनं तोंड उघडलं.